पुण्याला जायचं की इंदूरला राहायचं: आईला वेगळं विचारलंय का कुणी?

जास्वंद (इंदूर)

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढते आहे. लांबणार आहे, सांभाळून घ्या.

माझं माहेर रामबागेत. बाबा ७९, आई ७४. मी लग्नानंतर इथेच सुदामा नगरात, दादा-वहिनी पुण्यात बाणेरला. बाबांना जुनी शुगर, शिवाय कानांनी कमी ऐकू येतं. आईचे दोन्ही गुडघे दुखतात. घर आजोबांच्या वेळचं नाही, बाबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं आहे, पण आता तेही म्हातारं झालंय. न्हाणीघर मागच्या अंगाला, दोन पायऱ्या उतरून. वरचा मजला बंदच असतो.

दादा म्हणतो घर विका आणि दोघं पुण्याला या. बाबा म्हणतात, माझी तिरडी इथूनच उठेल. हा विषय दर दिवाळीला निघतो, आवाज चढतात, आई चहा टाकायला उठते आणि विषय तिथेच राहतो.

बाबांची बाजू मला पूर्ण कळते. सरकारी शाळेत गणित शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. औषधाच्या दुकानात गेले तर दुकानदार विद्यार्थी, बँकेत गेले तर काउंटरवर विद्यार्थ्याची मुलगी. संध्याकाळी चिमणबागेत त्यांचा पाच-सहा जणांचा अड्डा. सानंदचं (इथल्या मराठी संस्थेचं) नाटक आलं की आठवडाभर आधीपासून तयारी. हे सगळं पुण्यात विकत मिळत नाही, आणि ते सोडा असं मी त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?

पण त्याच घरात आईचाही दिवस असतो. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशी ती अंधारात उठून मोटर लावते, टाकी भरेपर्यंत मागच्या दारात उभी राहते, कारण बाबांना मोटरचा आवाज ऐकू येत नाही आणि टाकी वाहून जाते. मग चहा, पोहे, बाबांच्या गोळ्या. पोळ्या करताना आता तिला उभं राहवत नाही, म्हणून ओट्याशी प्लॅस्टिकचं उंच स्टूल ठेवलंय. त्यावर बसून लाटते, भाजायला उठते, पुन्हा बसते. बाबांना पोळी तव्यावरचीच लागते, म्हणून ती ताटात एकेक करून नेऊन वाढते. दर पोळीला एकदा उठणं. मी पोळ्यांना बाई लावून दिली होती, बाबांना तिच्या पोळ्या चामट वाटल्या आणि पंधरवड्यात बाई गेली. दिवसभर बाबांशी प्रत्येक गोष्ट ओरडून बोलावी लागते. रात्री तिचा आवाज बसलेला असतो.

गेल्या आठवड्यात तिच्या गुडघ्यांना तेल लावत होते, तेव्हा ती खाली बघूनच म्हणाली, "मला जायचंय गं पुण्याला. पण मी म्हटलं असं ह्यांना सांगू नकोस."

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. इतकी वर्षं आम्ही सगळे "आई-बाबांना काय हवंय" यावर भांडतोय, आणि उत्तर दर वेळी बाबांनी दिलंय. दादा फोन स्पीकरवर ठेवायला सांगतो, विचारतो, "मग काय ठरवलंत?" बाबा बोलतात. आई मागून म्हणते, "बरं चाललंय आमचं, तू जेवलास का?" आणि दादाही समाधानाने फोन ठेवतो. नातेवाईक, शेजारी, डॉक्टर, सगळ्यांचं तेच. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून दोन माणसांची इच्छा एकच होते, हे आपण कशावरून धरून चालतो?

आता माझ्यापुढचे दोन प्रश्न.

आईने सांगू नकोस म्हटलंय. तिचा विश्वास न मोडता हा विषय घरात कसा आणू?

दुसरं, दादा म्हणतो की बाबांनी घर दानपत्राने त्याच्या नावावर करून द्यावं, म्हणजे रजिस्ट्री, नामांतरण, ग्राहक बघणं ही सगळी धावपळ तो करेल. त्याच्या हेतूबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरीही मन तयार होत नाही. जाणकारांनी सांगावं.

---

ओटल्यावरचा (इंदूर)

ताई, मी ७६ वर्षांचा, इंदूरचाच. तुमच्या बाबांच्या बाजूने दोन शब्द बोलतो, राग मानू नका.

मुलाकडे पुण्याला राहून आलोय. मुलगा-सून सोन्यासारखे. पण सकाळी नऊ ते संध्याकाळी सात घरात माणूस नाही. खाली उतरलो तर रखवालदार फ्लॅट नंबर विचारतो. बाकावर बसलेले सगळे आपापल्या मुलांकडे आलेले, कुणी लातूरचा, कुणी रायपूरचा, दोन महिन्यांनी त्यातले निम्मे परत गेलेले. ओळख व्हायच्या आत माणूस नाहीसा. मला इथे राजवाड्यापर्यंत चालत जायला तास लागतो, कारण वाटेत दहा जण थांबवतात. हा तास माझं आयुष्य आहे. तुमच्या बाबांनाही तो तास सोडायची भीती वाटत असणार आणि भीती वाटणारा मास्तर आवाज चढवतो. चाळीस वर्षं वर्गावर तेच केलेलं असतं.

आता आईंचं. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं मानून सांगतो: ते बाबांना तुमच्या तोंडून कळू नये. मुलीने येऊन "आईला इथे राहायचं नाही" सांगितलं तर त्यांना ती फितुरी वाटेल आणि ते आईंवर चिडतील, तुमच्यावर नाही. आईंनीच बोललं पाहिजे. तुम्ही फक्त त्या बोलतील त्या वेळी शेजारी असा.

---

दोन_गावांची (पुणे)

जास्वंद, धागा वाचून घशात आवंढा आला. माझे सासू-सासरे ग्वाल्हेरचे, तिथल्या लष्कर भागात घर होतं. २०१९ मध्ये ते विकून आमच्याकडे आले. जे झालं ते सांगते, त्यातून तुला काय घ्यायचं ते घे.

सगळ्यांना वाटत होतं सासऱ्यांना जड जाईल. ते रमले! वाचनालय सापडलं, ब्रिजचा गट सापडला, स्वतःच रिक्षा करून नाटकाला जायला लागले. अडकल्या सासूबाई. आम्ही दोघं नोकरीवर, आणि त्या घरात आहेत म्हटल्यावर हळूहळू सगळं त्यांच्यावर आलं. मुलीची शाळेची बस, कामवालीची वेळ, कुरियर, गॅसवाला, संध्याकाळचं खाणं. कुणी त्यांना हे करा असं म्हटलं नाही. त्या बसून राहणाऱ्यातल्या नव्हत्या आणि आम्हाला सोयीचं होतं. ग्वाल्हेरला निदान शेजारच्या काकू दुपारी भाजी निवडायला येऊन बसायच्या. इथे अकराव्या मजल्यावर दुपारी कोण येणार?

म्हणून तुला एक विचारते. आईंना पुण्याला *जायचंय* की स्वयंपाकघरातून *सुटायचंय*? या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी असेल तर पुणे हा त्यावर उपाय नाही. तो इंदूरला राहूनही करता येईल आणि तो बाबांना न हलवता होईल. आधी हे आईंना नीट, निवांत विचार. आणि तुमच्या वहिनीला काय वाटतं ते धाग्यात कुठेच आलेलं नाही. दादा म्हणतो "या", पण दिवसभर घर चालवणारी तीच ना?

---

पोहेजिलबी (इंदूर)

वरच्या प्रतिसादाला +१.

आणि ती तव्यावरची पोळी. माझ्या आईनेही आयुष्यभर तेच केलं, एकदाही आमच्याबरोबर गरम जेवली नाही. गुडघे दुखणाऱ्या बाईला दर पोळीला उठवणं हे प्रेम नाही आणि सवय आहे म्हणून सोडून द्यायची गोष्टही नाही. बाबांना मुलगी म्हणून हे स्पष्ट सांगा. यात आईने ठेवलेला विश्वास कुठेच मोडत नाही.

---

ऐकू_येतंय (भोपाळ)

मी कानांच्या तपासणीच्या क्षेत्रात काम करते. कानांचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय, मला तो मूळ मुद्दा वाटतो.

वयाने जे ऐकू येणं कमी होतं त्यात आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. बायकांचा आणि मुलांचा आवाज त्यामुळे आधी अस्पष्ट होतो. "मित्रांचं ऐकू येतं, हिचंच येत नाही" असं पुरुष मंडळी म्हणतात, ते नाटक नसतं. पण त्याचा भार बायकोवर पडतो. ती ओरडून बोलते, त्याला वाटतं ही सारखी चिडलेली असते, मग दोघं कामापुरतं बोलतात. पन्नास वर्षांचा संसार "गोळी घेतली का" एवढ्यावर येतो. तुमच्या आईला बाबांना काही सांगायचं असेल, तर हळू आवाजात, खासगीत सांगायची सोयच राहिलेली नाही, हे लक्षात येतंय का? जे सांगायचं ते शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं मोठ्याने सांगावं लागतं. अशा गोष्टी माणूस ओरडून नाही सांगत.

ऑडिओमेट्री करून घ्या. दोन्ही कानांना मशीन लागेल असं निघालं तर दोन्हीला घ्या. पहिले काही आठवडे भांड्यांचा, पंख्याचा आवाज नकोसा होतो, तेव्हाच बहुतेक लोक मशीन डबीत टाकतात. तेव्हा ते सोडायचं नाही, परत जाऊन सेटिंग करून घ्यायचं. आणखी एक: २०२४ च्या लॅन्सेट आयोगाच्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्यासारख्या १४ गोष्टी दिल्या आहेत, त्यात ऐकू कमी येणं आहे. मास्तरांना हे आकड्यासकट सांगा, गणितवाले ऐकतात.

---

मूळचा_इंदूरी (बंगळुरू)

दादाच्या बाजूनेही कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो.

रात्री साडेदहानंतर आईच्या नंबरवरून फोन आला की छातीत धस्स होतं. उचलेपर्यंत डोळ्यांसमोर सगळं येऊन जातं: विमान किती वाजता, नसेल तर काय, तोवर कोण जाईल. बऱ्याचदा तिने चुकून बटण दाबलेलं असतं. हे रोज डोक्यावर घेऊन झोपणाऱ्या माणसाला "घर विका आणि इकडे या" हाच एक उपाय दिसतो. त्यात घरावर डोळा नसतो. बहीण गावात आहे म्हणून ती दिसते, तिचं कष्टणं दिसतं. आमची काळजी कुणाला दिसत नाही, कारण आम्ही ती फोनवर फक्त "जेवलात का" एवढीच बोलून दाखवतो.

तरी आईचं मत वेगळं विचारलं नाही, हे दादाकडूनही राहिलंय हे खरं. त्याने स्पीकर बंद करून आईशी एकटीशी बोलावं. आठवड्यातून एकदा, बाबा चिमणबागेत असतील त्या वेळी. इतकं बंगळुरूहूनही करता येतं, पुण्याहून तर येतंच.

---

कागदपत्र (इंदूर)

दानपत्राबद्दल लिहितो. चाळीस वर्षं याच कागदांत गेली आहेत.

दानपत्र रजिस्टर झालं त्या क्षणी मालकी मुलाची. नंतर बाबांना वाटलं म्हणून ते परत घेता येत नाही. मृत्युपत्राचं तसं नाही. ते माणूस हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलता येतं, त्याला स्टँप पेपर लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, फक्त दोन साक्षीदार हवेत. विक्रीची धावपळ मुलाने करावी एवढाच हेतू असेल तर त्या कामापुरतं रजिस्टर्ड मुखत्यारपत्र पुरतं. मालकी देऊन टाकायची गरजच नाही.

तुमच्या दादाच्या हेतूबद्दल मीही शंका घेत नाही. पण कागद हेतू बघून करायचा नसतो. उद्या मुलाचं कर्ज, मुलाचा घटस्फोट, देव न करो पण मुलाचं काही बरंवाईट, यातलं काहीही झालं तर ७४ वर्षांच्या आई कुठे? घर बाबांच्या नावावर असताना आणि मृत्युपत्र नसताना कायद्याने पत्नी, मुलगा, मुलगी तिघांचा सारखा हिस्सा असतो. दानपत्र झालं की त्या घरात आईंच्या आणि तुमच्या हिश्श्याचा प्रश्नच मिटला.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ लोकांनी ऐकलेलं असतं: सांभाळ केला नाही तर दान रद्द. पण त्याला अट आहे. सांभाळाच्या अटीवर दान दिलं हे सिद्ध व्हावं लागतं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच म्हटलं आणि कागदात अट नसलेल्यांचे दावे अडले. पुढे जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशातल्या, छतरपूरच्या एका आईच्या प्रकरणात न्यायालयाने दान रद्द करून घर परत द्यायला लावलं. हा कायदा म्हाताऱ्यांच्या भल्यासाठी आहे, तो उदारपणे वाचा, असं सांगितलं. तिथे मुलाने सांभाळ करीन असं वचनपत्र लिहून दिलेलं होतं, ते आईच्या कामी आलं. तरी त्या बाईंना एसडीएमपासून (उपविभागीय अधिकाऱ्यापासून) दिल्लीपर्यंत जावं लागलं. त्या वयात! म्हणून दान करायचंच झालं तर सांभाळाची आणि तहहयात राहण्याची अट त्याच कागदात, दोघांच्या नावाने लिहून घ्या. मी तर म्हणेन करूच नका.

आईंसाठी अजून थोडं. बाबांच्या पीपीओत (पेन्शनच्या आदेशात) आईंचं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का ते आजच बघा. कुटुंब निवृत्तिवेतन अडतं ते बहुतेक या एका तारखेपायी. मुदत ठेवी दोघांच्या नावे आणि "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" या प्रकारच्या आहेत का? आईंचं स्वतःचं एक खातं आणि त्यात त्यांना विचारल्याशिवाय खर्च न होणारी काही रक्कम असू द्या. दोघं सत्तरीपुढचे आहेत, आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं नसेल तर काढा. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न कितीही असलं तरी मिळतं, कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंतचे मोफत उपचार, आणि योजनेतल्या रुग्णालयात पुण्यातही चालतं.

---

जास्वंद (इंदूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. कागदपत्र, तुमचा प्रतिसाद दादाला जसाच्या तसा पाठवला. त्याने वाचून फोन केला. थोडा दुखावला होता, "तुला माझ्यावर विश्वास नाही का" असं विचारलं. मी म्हटलं, विश्वास आहे म्हणूनच तुला वाचायला दिलं. दानपत्राचा विषय त्याने स्वतःच सोडला. पीपीओत आईची जन्मतारीख खरंच चुकीची निघाली, अर्ज देतो आहोत.

दोन_गावांची, तुझा प्रश्न मी आईला विचारला. बाबा नाटकाला गेले होते, मी मुद्दाम तीच संध्याकाळ धरली. मला वाटलं ती पोळ्या, मोटर, गुडघे यांचं बोलेल. तिने त्यातलं एकही नाव घेतलं नाही.

म्हणाली, "माई आहे ना तिथे."

माई म्हणजे माझी मावशी. ८१ वर्षांची, सदाशिव पेठेत मुलाकडे असते, आता बाहेर पडू शकत नाही. या दोघी बहिणीच, तिसरं भावंड नाही. आई विसाव्या-एकविसाव्या वर्षी लग्न होऊन इंदूरला आली, तेव्हापासून मावशीला भेटली ती लग्नाकार्यात किंवा दादाकडे चार दिवस गेली तर धावती. "माईबरोबर दुपारी बसायचंय. ती आता फार दिवस नाही," म्हणाली. "तुमच्या घरांच्या गोष्टी तुम्ही ठरवा. मला घर विकायचंही नाही आणि राखायचंही नाही."

आम्ही तिच्या इच्छेवर इतकं बोललो, भाऊ-बहिणींत भांडलो, कागद काढले, आणि तिच्या मनात हे होतं. विचारल्याबरोबर तिने सांगितलं, एवढंच लागत होतं.

आता मला वाटतंय, आईने एकटीने जावं. दोन-तीन महिने. बाबा इथेच. वेडेपणा आहे का हा?

---

वडोदेकर (वडोदरा)

वेडेपणा मुळीच नाही. पण बाबांचं जेवण-औषध बघायला कुणी नसेल तर मुलीवरच दुहेरी भार येईल, तो आधी मोजा. तुमच्याही घरी सासू-सासरे असतील.

---

जुनं_ते_सोनं (देवास)

मला पटलं नाही. एकोणऐंशी वर्षांच्या शुगरच्या माणसाला एकटं टाकून बहिणीकडे जायचं? या वयात नवरा-बायकोला एकमेकांचाच आधार असतो. मावशींना इकडे आणा, किंवा बाबांनाही सोबत न्या. आईंना बाबांचा घोर लागून तिकडेही चैन पडणार नाही.

---

पोहेजिलबी (इंदूर)

जुनं_ते_सोनं, ८१ वर्षांच्या, घराबाहेर न पडणाऱ्या बाईला पुण्याहून इंदूरला आणायचं, आणि इथे त्यांचं करणार कोण? पुन्हा आईच. बाबा सोबत गेले तर सदाशिव पेठेतल्या दुपारीही "चला, घरी जाऊ" हे घड्याळ लागलेलं. आईंचा घोर आईंना ठरवू दे. बाबा कधी चार दिवस बाहेरगावी गेले असतील तेव्हा आईंचा घोर कुणी मोजला होता?

---

ओटल्यावरचा (इंदूर)

मी बाबांच्या बाजूचा, तरी सांगतो: जाऊ द्या त्यांना. पुरुष माणूस एकटा राहू शकतो, त्याला तशी पाळी येऊ देत नाहीत इतकंच.

पण शुगरचं हलक्यात घेऊ नका. काही गोळ्या किंवा इन्शुलिन घेतलं आणि डबा तासभर उशिरा आला तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, माणूस भलतंच बोलायला लागतो. एकट्या घरात हे रात्री झालं तर अवघड. म्हणून डॉक्टरांना सांगून आधी गोळ्यांच्या वेळा डब्याच्या वेळेशी जुळवून घ्या. उशाशी ग्लुकोज किंवा साखरेचा डबा, ग्लुकोमीटर त्यांचं त्यांना वापरता आलं पाहिजे, आणि रात्री झोपायला कुणीतरी. आमच्या गल्लीत एक शिकणारा मुलगा असाच एका काकांकडे झोपतो, त्याला खोली, काकांना सोबत. तुमचा वरचा मजला रिकामा आहे ना? मोटरला टाकी भरली की आपोआप बंद होणारं सेन्सर बसवा, इलेक्ट्रिशियन एका सकाळी करून देतो. न्हाणीघराच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंना दांडे. ही दोन्ही कामं आई गेल्या नाहीत तरी करा.

आणि बाबांना वाटाघाटीत धरा. "आई जाणार आहे, तुम्हाला काय लागेल?" असं विचारलं तर मास्तर यादी करतील. "आईला जाऊ द्याल का?" असं विचारू नका.

---

दोन_गावांची (पुणे)

आईंनी मावशींकडेच उतरावं की दादाकडे, हेही त्यांनाच ठरवू दे. बाणेरहून सदाशिव पेठ रोज येणं-जाणं गुडघ्यांना झेपणार नाही. आठवड्यातले काही दिवस मावशींकडे, बाकी दादाकडे असं जमू शकेल. मावशींच्या सुनेला आधी फोन करा, तिच्या घरात माणूस वाढणार आहे. आणि दादा-वहिनीला स्पष्ट सांग की आई सुट्टीवर आली आहे, शाळेची बस सांभाळायला नाही. हे आधीच बोललं गेलं तर कुणाचं मन मोडत नाही.

---

जास्वंद (इंदूर)

थोडं लांबलं, पण सांगण्यासारखं झालंय.

बाबांच्या कानांची तपासणी झाली, दोन्हीला मशीन लागली. पहिले दिवस फार चिडचिड झाली, प्रेशर कुकरच्या शिट्टीला दचकायचे. दोनदा सेटिंग करून आणलं. आता जेवताना लावतात, बाहेर जाताना अजून काढून ठेवतात.

आईने त्यांना स्वतः सांगितलं. मी शेजारच्या खोलीत होते. ती साध्या, घरगुती आवाजात बोलली, "मला माईकडे जायचंय. दिवाळीपर्यंत राहीन." बाबा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिलाच इकडे बोलाव ना." आई म्हणाली, "नाही. मी जाणार." इतक्या वर्षांत मी तिला त्यांच्यासमोर असं एक वाक्य बोलताना ऐकलेलं नाही. बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "पोळ्यांचं काय?" आणि मग स्वतःच म्हणाले, "बघू काहीतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच वहीत यादी केली त्यांनी, ओटल्यावरचा काका! डबा, गोळ्या, दूध, मोटर, कपडे, आणि शेवटी "सानंदचं आईचं तिकीट कुणाला द्यायचं". दादाने न्हाणीघराचे दांडे आणि मोटरच्या सेन्सरचे पैसे पाठवले, काम झालंय. वरच्या मजल्यावर इंजिनिअरिंगचा एक मुलगा या महिन्यापासून राहायला येतोय, बाबा त्याला गणित शिकवणार असं आधीच ठरलंय. वहिनीशी मी बोलले. ती म्हणाली, आई मावशीकडे राहणार असतील तर मीच शनिवार-रविवार तिकडे येईन. घराचा विषय दादाने पुढच्या वर्षापर्यंत काढणार नाही म्हणून सांगितलंय. तो संपलेला नाही हे मला माहीत आहे. पुढच्या वेळी निघेल तेव्हा दोघांना वेगवेगळं विचारू, एवढं आम्ही भाऊ-बहिणीने ठरवलंय.

आईचं पुण्याच्या गाडीचं खालच्या बर्थचं तिकीट काढलं आहे, सोबतीला माझा मुलगा जातोय.

आता एकच राहिलंय. रामबाग-नारायण बागेच्या बाजूला मराठी पद्धतीचा, शुगरवाल्यांना चालेल असा डबा देणारं कुणी आहे का? दुपारी साडेबाराला आणि रात्री आठला, वेळेच्या बाबतीत पक्कं. भाजीत साखर-गूळ नको, भात कमी, पोळ्या मऊ.

---

पोहेजिलबी (इंदूर)

आहे. माझ्या मावसबहिणीच्या सासऱ्यांना गेलं वर्षभर एक काकू डबा देतात, वेळ चुकत नाही. ज्वारीची भाकरीही करतात, आदल्या दिवशी सांगावं लागतं. नंबर व्यनि (खासगी निरोप) करते.